बॅटरी यांच्या खिशात होती

आमच्या गल्लीत कोणाला पडद्याची दांडी लावायची असली, आरसा टांगायचा असला, की हल्ली मला बोलावतात. नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रोडच्या आतल्या बाजूला, ट्रकांच्या गोदामांमागे आमची गल्ली आहे. मिस्त्री उद्या येतो म्हणतो आणि आठ दिवस तोंड दाखवत नाही, मग बाया माझ्याकडे येतात. मी सातवी शिकलेली, वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात. पण मशीन पिशवीत टाकते आणि निघते. वायर नसलेलं, बॅटरीवर चालणारं ड्रिल आहे, जड नाही. सोबत डोळ्यांवर लावायचा प्लास्टिकचा चष्मा, पेन्सिल, चिकटपट्टी आणि एक ओलं फडकं.

मी स्वतः भोक पाडत नाही. ज्या बाईचं घर, तिच्याच हातून पाडून घेते. आणि माझी एक अट असते. मशीन हातात घ्यायच्या आधी तिने बांगड्या काढायच्या. बाया हसतात. म्हणतात, मावशी, दोन भोकांसाठी एवढं काय. मी वाद घालत नाही. बॅटरी माझ्या पिशवीत असते. बांगड्या उतरल्या की बॅटरी बाहेर येते, नाही तर मी चहा पिऊन घरी जाते.

हा कायदा माझा नाही, आमच्या यांचा आहे. मी तो पाळला नाही. काय झालं ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

हे कन्हानकडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. सगळी नोकरी तिथेच झाली. लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, यांना माझ्याशी लग्न केल्याची लाज वाटते की काय, कारण आठच दिवसांत यांनी बोटातली अंगठी काढून पेटीत ठेवली. महिनाभर मी फुगून होते. मग एकदा यांनीच सांगितलं. यांच्या बाजूच्या मशीनवर एक जण होता, हातात तांब्याचं कडं घालायचा. फिरत्या ड्रिलमध्ये ते कडं अडकलं. मशीन बंद करायला हेच धावले. त्या माणसाचं पुढे काय झालं ते यांनी मला कधी पूर्ण सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की त्याला नंतर ऑफिसात बसवलं, आणि तो डाव्या हाताने सही करायला शिकला.

तेव्हापासून यांच्या अंगावर कधी काही दिसलं नाही. घड्याळ खिशात. मनगटाला दोरा नाही. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर.

रिटायर झाल्यावर यांनी हे मशीन घेतलं. लहान मूल घरी आणावं तसं आणलं. उन्हाळा लागला की कूलरचा स्टँड, पाण्याचा पंप, खिडकीची जाळी, सगळं हेच करायचे. गल्लीतले लोक यायचे, तेव्हा हे कोणाला नाही म्हणत नव्हते. काम झालं की बॅटरी काढायची, बिट, म्हणजे पुढचं भोक पाडायचं टोक, पुसायची, डबा बंद करायचा. तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. उन्हात ठेवायची नाही. मी भाजी निवडत ऐकायची आणि विसरायची.

मग हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा. मग सही वेडीवाकडी यायला लागली. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, गोळ्या चालू ठेवा. एक दिवस हे चाव्यांसाठी खुंटी लावायला उभे राहिले आणि बिट भिंतीवर नाचली. एकाच्या जागी चार ओरखडे उठले. यांनी मशीन खाली ठेवलं, बॅटरी काढली, बिट पुसली, डबा बंद केला. सगळं नेहमीसारखं. मग खुर्चीवर बसून भिंतीकडे पाहत राहिले. मी त्या ओरखड्यांवर कॅलेंडर टांगलं. आजही तिथेच टांगते.

हात गेला ते यांनी सोसलं, पण पुढे पाय अडखळायला लागले. आमच्या बाथरूमला एक पायरी आहे, बाहेरच्या फरशीपेक्षा वीतभर खोल. तेवढी एक पायरी यांना डोंगर झाली. मी हात धरून आत सोडायची आणि दाराबाहेर उभी राहायची. हे काही बोलायचे नाहीत. पण एकदा माझ्या लक्षात आलं की यांच्या पलंगाजवळचा पाण्याचा लोटा सकाळी भरला तसाच संध्याकाळी भरलेला आहे. नागपूरचा उन्हाळा, आणि हा माणूस पाणी पीत नव्हता. पाणी प्यायलं की बायकोला हाक मारावी लागते, म्हणून.

मी विचारलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "एक हँडल लागलं ना त्या पायरीपाशी, तं मी एकटा जातो. मंग घागरभर पाणी पितो."

आमची एकच मुलगी, धरमपेठेत राहते, शाळेत शिकवते. तिने लगेच स्टीलचं हँडल आणून दिलं, हातभर लांबीचं, चांगलं जाड. म्हणाली, मिस्त्री पाठवते. हे नाही म्हणाले. बाथरूमच्या भिंतीतला पाइप यांनी स्वतः टाकला होता. तो कुठून जातो, कुठे वळतो, ते यांनाच माहीत. कोणी परका येऊन पाइप फोडेल, ते यांना चालणार नव्हतं.

"मंग लावणार कोण, बाबा?" मुलगी म्हणाली.

"तुह्या मायले शिकवतो," हे म्हणाले. "माह्या मागं तिनं मिस्त्रीची वाट पाहत बसू नये."

मुलगी माझ्याकडे पाहून हसली. मीही हसले. शेवटचं वाक्य दोघींनी ऐकलंच नाही, असं दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी शिकवणी सुरू झाली. हे खुर्चीवर, मी समोर मशीन घेऊन उभी, आणि बॅटरी यांच्या बंडीच्या खिशात. आधी मशीन धरायला शिक म्हणाले. बोट बटणावर ठेवायचं नाही, बाजूला ठेवायचं. भिंतीशी मशीन सरळ धरायचं, वाकडं धरलं तर भोकही वाकडं. दोन्ही पाय जमिनीवर. स्टुलावर चढून हात लांब करायचा नाही. पदर खोचायचा, आणि नुसता खोचायचा नाही, पिन लावायची. केस बांधायचे. चष्मा घालायचा, कारण भिंतीचा कण डोळ्यात गेला तर तो विचारून जात नाही. बिट बदलायची तर बॅटरी आधी बाहेर. मी बॅटरी नसलेलं मशीन घेऊन भिंतीसमोर उभी राहायची आणि हे तोंडाने घर्रर्र आवाज काढायचे. म्हणायचे, आता जोर कमी कर, आता थोडं बाहेर ओढ, धूळ निघू दे. शेजारीण एकदा दारातून पाहून गेली. तिला वाटलं असेल, म्हातारा-म्हातारीला ऊन लागलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला सगळं तोंडपाठ झालं. मी हात पुढे केला, म्हटलं, "द्या आता बॅटरी."

"बांगड्या काढ," हे म्हणाले.

माझ्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, सहा-सहा. कासाराने दाबून भरलेल्या, मनगटाला घट्ट. मी म्हटलं, वर सारून रुमाल बांधते.

"रुमाल तं अजून वाईट. मशीनले समजत नाही वं, बांगडी कोणती, रुमाल कोणता अन् बोट कोणतं."

"तुम्ही समोर बसले अन् मी हात रिकामे करू?"

 यांनी रागाने नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "माह्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नेऊन नदीत सोडले. तूनं उपास सोडले, वडाचा दोरा सोडला. मंग काचेले काहून धरून राहिली?"

 खरंच सगळं सोडलं होतं. पौर्णिमेला विहारात जाते, वंदना म्हणते, अंगारा-धुपारा घरात नाही. मुलीच्या लग्नात मुहूर्त पाहिला नाही. कोणी शकुन-अपशकुन बोललं तर मीच त्यांना चार गोष्टी सुनावते.

पण मी नऊ वर्षांची असताना माझे वडील गेले. तेव्हाही आमचं घर धम्मात आलेलंच होतं. पण बायांच्या हातातलं इतक्या लवकर सुटत नाही. दोन म्हाताऱ्यांनी माझ्या आईला दारात बसवलं, तिचे हात धरून उंबऱ्याच्या दगडावर आपटले. काच फुटली. तिच्या मनगटातून रक्त आलं, आणि तिने हात सोडवून घेतला नाही. मी दाराआड उभी होते. मोकळं मनगट म्हटलं की मला ते मनगट दिसतं. धम्म मला डोक्याने कळला. हे मनगट कुठे कळलं होतं कोण जाणे, तिथपर्यंत काहीच पोचलं नाही.

मी हे यांना सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात कधीच सांगितलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "रविवारी पोरगी येते. तिच्या हातात बांगड्या नाहीत, घड्याळ असते. ती काढून ठेवेल. मी सांगते, ती पाडेल."

"आज सोमवार आहे," हे म्हणाले.

"सहा दिवसांनी काय होते?"

हे मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

त्या दिवशी यांनी हट्टाने भिंतीवर खुणा करून घेतल्या. मी मागून धरलं, हे पायरीवर उभे राहिले, हात सहज पुढे टाकला. जिथे हात टेकला, तिथे म्हणाले, इथं. मग टाइल्सवर बोटाने ठोकत गेले. पोकळ आवाज, भरीव आवाज. पाइप इथून गेला, म्हणाले, याच्यापासून चार बोटं सोडायची. लाइटच्या बटणाच्या सरळ वर-खाली कधी भोक पाडायचं नाही, तिथून वायर जाते. पेन्सिलने दोन फुल्या मारल्या. हात थरथरत होता, फुल्या कोंबडीच्या पायासारख्या उमटल्या. मला म्हणाले, तू नीट काढ. मी म्हटलं, असू द्या, कळतात.

मग पुढचे दिवस आमचा खेळच झाला. बॅटरी सकाळी चार्ज व्हायची आणि टोपण लावून यांच्या बंडीच्या खिशात जायची. त्या खिशात किल्ल्या नाहीत, चिल्लर नाही, फक्त बॅटरी. मी चहा घेऊन गेले की हे खिशावर थापटी मारायचे. मी म्हणायची, बॅटरी द्या. हे म्हणायचे, बांगड्या दे. मी जेवायला वाढलं की पुन्हा तेच. मंगळवारी यांनी मला सांगितलं की तुझ्या बांगड्यांचा कासार माझा दुश्मन आहे. बुधवारी मी म्हटलं, तुम्ही झोपल्यावर खिशातून काढून घेईन. म्हणाले, घे ना, पण बांगड्यांचा आवाज येईल, मी उठीन. आम्ही दोघं खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी हे त्या दिवशी दोन ग्लास पाणी एकदम प्यायले.

शुक्रवारी सकाळी मी ओट्यापाशी कणीक मळत होते. बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा तो टुं-टुं आवाज चालला होता. त्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. ट्रक थांबला तेव्हा घर फार शांत वाटलं. पलंगाकडे पाहिलं, हे नव्हते.

हे बाथरूममध्ये खाली बसलेले होते. एक पाय भलतीकडे वळलेला. ओरडले नव्हते, हाक मारली नव्हती. माझ्याकडे पाहून थोडं हसल्यासारखं केलं, एखादी चूक सापडल्यावर माणूस हसतो तसं.

"हँडल धरायले गेलो वं," म्हणाले. "हात बरोबर तिथंच गेला. लागलं नाही अजून, हे विसरलोच."

मी भिंतीकडे पाहिलं. वरची फुली पुसली गेली होती. तळहात घासून खाली गेल्याचा काळपट पट्टा टाइल्सवर उमटला होता.

शेजारच्यांनी गाडी बोलावली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, ते नीट झालं असं म्हणाले. पण झोपून राहिल्याने छातीत कफ भरला. हे सतरा दिवस दवाखान्यात होते.

पहिल्याच दिवशी नर्सने यांचे कपडे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. पिशवी एका बाजूला जड लागली. बंडीच्या खिशात बॅटरी होती, टोपण लावलेली. तिला ओरखडाही नव्हता. मी ती हातात घेऊन बाकावर किती वेळ बसले, मला आठवत नाही. डॉक्टरांना मी विचारलं की खिशात हे होतं, यावर पडल्याने हाड मोडलं का. ते म्हणाले, नाही आजी, ही दुसरी बाजू. मला बरं वाटलं नाही. बॅटरीमुळे मोडलं नाही, म्हणजे मग कशामुळे मोडलं, ते मला माहीत होतं.

बाराव्या की तेराव्या दिवशी हे जरा बोलते झाले. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. मी पलंगाच्या कडेला बसले होते. मी म्हटलं, "मी आज घरी जाते. बांगड्या काढते अन् हँडल लावते. तुम्ही याल तोवर तयार राहते."

यांनी हात उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला. यांचा हात थरथरत होता, त्याने माझ्या बांगड्या किणकिणायला लागल्या. बाजूच्या पलंगावरच्या बाईने वळून पाहिलं, इतका तो आवाज होता. हे तो ऐकत राहिले.

"राहू दे वं," म्हणाले. "मी आहे ना अजून."

आयुष्यभर ज्या गोष्टीला अंधश्रद्धा म्हणत आले, ती यांनी माझ्यासाठी त्या दिवशी मान्य केली. मला भांडायला हवं होतं. यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं. दोघांनीही भांडण सोडून दिलं, त्याच वेळी मला कळलं की हे घरी येत नाहीत.

यांना निरोप दिला तेव्हा विहारातल्या बाया घरी आल्या. कोणी माझ्या बांगड्यांबद्दल एक शब्द काढला नाही. आमच्याकडे आता तसं कोणी करत नाही. मी उंबऱ्याकडे पाहत बसले होते. वाटत होतं, कोणीतरी यावं, माझे हात धरावेत, आपटावेत. कोणी आलं नाही. एकीने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

महिना उलटला. मुलगी येऊन यांची औषधं, काठी, कपडे आवरून गेली. मशीनचा डबा पाहून म्हणाली, "आई, हे कोणाले देऊन टाकू का? उगाच पाहत बसशील." मी म्हटलं, राहू दे. हँडलही खोक्यात तसंच होतं. ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

एका दुपारी जेवण झाल्यावर मी बाथरूममध्ये गेले. नळ सोडला, हातांना साबण लावला. मला वाटलं होतं, निघणार नाहीत, घट्ट आहेत, रक्त येईल. कुठेतरी मला ते रक्त हवंच होतं. पण त्या महिन्यात माझे हात वाळले होते. बांगड्या एकामागून एक घसरून आल्या. डाव्या हाताच्या सहा, उजव्या हाताच्या सहा. एकही फुटली नाही. उंबरा नको, दगड नको. साबणाचा फेस आणि थोडं पाणी. दोन मिनिटांचं काम होतं ते.

दोन मिनिटांचं.

मी बांगड्या पुसून पेटीत ठेवल्या, यांच्या अंगठीजवळ. पदराला पिन लावली. केस बांधले. चष्मा घातला. फरशी फडक्याने कोरडी केली. खालची फुली दिसत होती. वरची फुली पुसलेली होती, पण हँडल भिंतीला धरून पाहिलं की तिची जागा बरोबर कळायची. त्यावर चिकटपट्टी लावली, कारण टाइल गुळगुळीत असते, बिट घसरते. पट्टीवर नव्याने फुल्या आणि स्क्रूंच्या जागा काढल्या. टाइलची टोकदार बिट बसवली. मशीनवर हातोड्याचं चित्र आहे, म्हणजे ठोकत फिरवणं, ते टाइलवर चालवायचं नाही, टाइल तडकते. नुसतं फिरवायचं. मग बॅटरी खटकन बसवली आणि मशीन पहिल्यांदा माझ्या हातात जिवंत झालं.

मी घाबरले. पहिल्या भोकाला मी फार जोर लावला. जळका वास आला. मला ऐकू आलं, जोर नोको, मशीनले करू दे. हात सैल केला आणि ते आपसूक आत जायला लागलं. टाइल पार झाली. बॅटरी काढली, विटेची लांब बिट बसवली, तिच्यावर भोकाच्या खोलीएवढ्या अंतरावर पट्टीचा तुकडा गुंडाळला. बॅटरी लावली, आता हातोड्याचं चित्र. आत जा, बाहेर ये, धूळ काढ, पुन्हा आत. विटेची लाल भुकटी भिंतीवरून खाली ओघळली. ती पाहून मला घरात कोणीतरी परत आल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं यांच्या अंगाला याच भुकटीचा वास होता.

तीन भोकं वर, तीन खाली. एका ठिकाणी टाइलचा कोपरा उडाला, तो हँडलच्या चकतीखाली लपला. भोकात प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, त्याच स्क्रूला धरून ठेवतात, नुसता स्क्रू भिंतीत टिकत नाही. स्क्रू फिरवताना मशीनचं आकड्यांचं कडं कमी आकड्यावर ठेवायचं. स्क्रू घट्ट बसला की कट-कट आवाज येतो, तेव्हा थांबायचं. सहाही स्क्रूंनी कट-कट केलं.

"आधी ओढून पाहायचं," हे म्हणायचे, "मंग भरवसा ठेवायचा." मी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि पायरीवरून सगळं अंग मागे टाकलं. ते जागचं हललं नाही. माझ्यासारखीच्या हातून लावलेलं, पहिलंच, आणि ते माझ्या अख्ख्या वजनाला हललं नाही. यांच्या वजनालाही हललं नसतं. मी हँडल सोडलं नाही. तशीच ओढत राहिले. ते सुटून यावं असं मला वाटत होतं. सुटलं असतं तर म्हणता आलं असतं की आधी लावलं असतं तरी काही उपयोग नव्हता.

मुलगी आली तेव्हा तिने पाहिलं. हँडलवरून हात फिरवला. मग म्हणाली की डॉक्टर सांगत होते, या आजारात माणसं कधी ना कधी पडतातच, आज नाही तर उद्या. मी मान हलवली. तिला वाटलं मला पटलं.

"तुले उंच पडते ते," ती म्हणाली. "खाली घेऊ का?"

यांच्या हाताच्या उंचीवर आहे ते. हे उंच होते. मला हात खांद्याच्या वर न्यावा लागतो. मी म्हटलं, असू दे, उंचच असू दे.

मागच्या आठवड्यात मला समोरच्या घरी बोलावलं. तिथे भाडेकरू आहेत, नवरा गोदामात हिशेब पाहतो, सासू गुडघ्यांनी अधू. त्यांनाही बाथरूममध्ये हँडल लावायचं होतं. सून पंचविशीची, हात भरून हिरव्या बांगड्या. मी माझी अट सांगितली. ती हसली नाही.  मग दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "मावशी, हे घरातच आहेत ना आज."

"घरात आहे, म्हणूनच काढ," मी म्हटलं.

तिने माझ्या मनगटांकडे पाहिलं. मग आत गेली, साबण लावून बांगड्या काढून आणल्या आणि माझ्या ओच्यात टाकल्या. मी तिला बॅटरी दिली. ती भोकं पाडत होती तोवर मी तिच्या बांगड्या मुठीत धरून बसले होते. त्या तिच्या हाताने अजून कोमट होत्या. तिचा हात सुरेख स्थिर होता, माझ्यापेक्षा चांगला.

मशीनचा आवाज ऐकून तिचा नवरा दारात आला. भिंतीकडे पाहिलं, बायकोच्या चष्म्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बापरे, मिस्त्रीणबाई. चहा मिळते का मंग?"

ती मागे न वळता म्हणाली, "पाह्य, मी काही करून राहिली की नाही? तूच ठेव."

तो गेला आणि खरंच चहा ठेवायला लागला. आतून भांड्यांचा आवाज आला. अर्धा तास तिचे हात रिकामे होते, आणि तो स्वयंपाकघरात साखरेचा डबा सापडत नाही म्हणून तिला हाका मारत होता.

काम झाल्यावर मी तिला हँडल ओढून पाहायला लावलं. मग तिच्या हातात बांगड्या परत चढवल्या, एकेक, दोन्ही हातांत. बॅटरी काढली, बिट पुसली, डबा बंद केला आणि घरी आले.